उघाडीची पाचर

आषाढाची अवस जवळ आली की मी घरात कुणाशी धड बोलत नाही. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी माझं डोकं फिरतं. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, तो त्या आठवड्यात डबा उचलून गुपचूप सटकतो. मुलगी म्हणते, "आईला उधाण आलं." चेष्टा करते, पण खोटं बोलत नाही. इथे रोह्यात कुंडलिका दुथडी वाहत असते, आणि माझं लक्ष मात्र तिकडे पेणच्या बाजूला, धरमतरच्या खाडीला लागलेलं असतं. अवसेला भर दुपारी तिथे पाणी चढतं. त्या पाण्याच्या आणि आमच्या घराच्या मध्ये एक मातीचा बांध आहे, बांधात एक लाकडी दार आहे, आणि त्या दाराशी माझा बाप बसलेला असतो.

त्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं, भरती आली की खाडीचं पाणीच तिला बाहेरून दाबून मिटवतं. कुणी हात लावायला लागत नाही. फक्त तिच्यात काही अडकलं नाही ना, एवढं बघावं लागतं. ओंडका, जाळ्याचा तुकडा, काहीही. कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन पुढची काही वर्षं भाताचं नाव घेत नाही. हे बघण्याचं काम गावाने बाबांवर सोपवलं होतं, आणि बाबांनी ते असं अंगाला लावून घेतलं की गाव राहिलं नाही तरी काम राहिलं.

यंदा अवसेच्या आधी शेजारच्या सुमनकाकीचंही घर बंद झालं. ती हमरापूरला लेकीकडे गेली. तिथे गणपतीचा सीझन, मूर्तींच्या कारखान्यात रंगाला हात हवेच असतात. म्हणजे आता आळीत बाबा एकटे. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. मी फोन लावला.

"बाबा, रोह्याला या. उधाण जाईपर्यंत तरी."

"उधाणातच येऊ? मग उघाडी कोन बघील?"

"काय बघायचंय उघाडीचं? शेतात भात आहे का एक काडी?"

"भात नाय म्हणून दार वाऱ्यावर टाकायचं काय गो?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी फोन आपटला, मग वाईट वाटलं, मग परत लावला, तर त्यांनी उचलला नाही. तेवढ्यात मंजूचा मेसेज आला. मंजू माझी मामेबहीण, आता पुण्याला असते. तिने एका व्हिडिओची लिंक पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, "आपल्या ठाण्याचा शेवट सापडला! कुणीतरी अख्खा गेम खेळून टाकलाय. बघ आणि सांग, दार कोणी उघडलं होतं ते कळलं का?"

मी लिंक उघडली नाही. पण 'ठाणं' या एका शब्दाने अकरावीतला तो आषाढ पुन्हा अंगावर आला.

मी तेव्हा अकरावीला, रोह्याला मामाकडे राहायला होते. मामाने साठवलेल्या पैशांतून, मामीच्या भाषेत "माझ्या पाटल्या न करता", घरात कॉम्प्युटर आणला होता. आमच्या चाळीत तो पहिलाच. त्याला मामीने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. मामाच्या कंपनीतले एक साहेब परदेशी जाऊन आले होते, त्यांनी एक सीडी दिली. झाकणावर काळं आकाश, त्यात एक गंजकं, चाकासारखं गोल यान. नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते आमच्या जिभेवर बसेना. आम्ही त्याला ठाणं म्हणायला लागलो.

आजच्या मुलांना तो गेम दाखवला तर ती जांभया देतील. त्यात कुणी पळत नव्हतं, गोळ्या सुटत नव्हत्या. एक चित्र यायचं. बोगदा. त्या बोगद्याच्या टोकावर बाण नेऊन बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा, डब्यातली सीडी घर्र करून फिरायची, आणि बऱ्याच वेळाने पुढचं चित्र यायचं. दार. पुन्हा काळं, पुन्हा घर्र. खोली. त्या काळोखात आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. मामी आतून विचारायची, "आली का गो तुमची बया?" बया म्हणजे त्या यंत्रातली बाई. ती कधी दिसली नाही. मधूनमधून थंड आवाजात एवढंच सांगायची की हवा कमी होते आहे. पडद्याच्या खाली एक निळी रेघ होती, दर दाराला ती थोडी आखूड व्हायची.

ठाण्यावरची सगळी माणसं नाहीशी झाली होती आणि ती का, ते आपण शोधायचं होतं. एका खोलीत टेबलावर अर्धा प्यायलेला कप. एका खोलीत पलंगाखाली बूट, जोडीने नीट लावलेले. एका ठिकाणी कुंडीत वाळलेलं रोप आणि शेजारी पाण्याची भरलेली झारी. कुठे रक्त नाही, मोडतोड नाही. मेलेलं माणूस दिसलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान काय झालं ते कळलं असतं. मंजू सायन्सची, ती म्हणायची, "शत्रूचं यान आलं असणार." मी मान हलवायचे. पण मला त्या भरलेल्या झारीची जास्त भीती वाटायची.

एक गोष्ट मात्र मला मंजूच्या आधी कळली. ठाण्याच्या तोंडाशी दारांची जोडी होती, एक आतलं, एक बाहेरचं. दोन्ही एका वेळी कधीही उघडायची नाहीत. बाहेर हवा नव्हती, नुसती पोकळी होती. मी खारेपाटातली, खाडीकाठची पोर, मला हे कुणी समजावायला नको होतं. आमच्याकडेही बाहेर असंच काहीतरी असतं, ते दिवसभर शांत पडून असतं आणि भरतीला उठून दाराशी येतं. "ह्यांची उघाडीच आहे ही," मी म्हटलं. मंजू हसली.

अवसेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या बाहेरच्या दाराशी पोचलो. निळी रेघ बोटभर उरली होती. चित्र आलं: दार सताड उघडं, पलीकडे काळं. मंजूने बाण दाराच्या बाहेरच्या बाजूला नेला. नुसता सपाट पत्रा. मग आतल्या बाजूला नेला. तिथे मूठ होती, खाली ओढलेली.

"बाहेर मूठच नाहीये," मंजू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी तोडून आलं नाही. ह्यांच्यातल्याच कुणीतरी आतून उघडलं."

तेवढ्यात कंपनीचा शिफ्टचा भोंगा झाला आणि आम्ही दोघी किंचाळलो. मामी पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. ज्याने त्या दाराशी उभं राहून, मागे सगळी माणसं आहेत हे माहीत असून, ती मूठ खाली ओढली, तो चेहऱ्याने कसा असेल याचा मी विचार करत बसले. तो मला राक्षसासारखा दिसेना, ही खरी अडचण होती. तो मला साधाच दिसत होता, ते बूट नीट जोडीने लावणारा.

शेवट उद्या बघू म्हणून आम्ही झोपलो. पण उद्या दिव्यांची अवस होती. मामीने पहाटे उठून घरातले दिवे काढले, समया, निरांजनं, लामणदिवा, सगळे चिंच आणि राखेने घासून लख्ख केले आणि पाटावर मांडले. कॉम्प्युटरशेजारी ती गोल, चकचकीत तबकडी तिला डागाळलेली दिसली. आमच्या बोटांचे डाग होते ते. मामीच्या मनात आलं, पोरी जीव टाकतात हिच्यावर, हीही एक दिवाच म्हणायची. तिने सीडी राखेने घासली, धुतली, पुसली, पाटावर समयांच्या मध्ये ठेवली आणि वर हळदकुंकवाचं बोट टेकवलं.

दुपारी मंजूने ती डब्यात घातली तेव्हा आवाज आला तो घर्र नव्हता, कण्हण्यासारखा होता. मग पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मंजू रडून रडून लाल झाली. मामीने कणकेचे गोड दिवे केले होते, त्यांना तिने तोंड लावलं नाही. "माझ्या मेलीला काय ठाऊक," मामी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "देवापाशीच ठेवली होती ना." तिचा तो ओशाळलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो आणि मला मामीवर माया दाटून येते. तेव्हा मात्र मीही तिच्यावर रुसले होते.

त्याच दुपारी, त्याच उधाणाला, आमच्या गावात पाणी आत शिरलं.

मी पुढच्या सुट्टीला गाडीने नागोठणे, कासू करत पेणला उतरले आणि घरी गेले, तेव्हा बांधाखालच्या खाचरातली लावणी पिवळी पडली होती. वास येत होता. गावातले सगळे पुरुष चिखल, पेंढा, पोती टाकून दमलेले. उघाडी मिटली नव्हती, कारण तिच्या फळीत कुणीतरी लाकडाची पाचर मारून ठेवली होती. कशासाठी, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्या दिवसांत भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं येतात. ती तळ्यात सोडली की पुढे हातभर मासा मिळतो, आणि जिताड्यासाठी आमची माणसं जावयालाही फाट्यावरून परत पाठवतील. थोडा वेळ दार उघडं ठेवायचं, पिल्लं आत घ्यायची, मग पाचर काढायची. कुणीतरी काढायला विसरलं होतं, किंवा काढायच्या आत पाणी फार चढलं होतं.

देवळापुढे सगळे जमले. बाबा हातात ती पाचर घेऊन उभे होते.

"पाचर आतल्या अंगाला व्हती," बाबा म्हणाले. "खाडीकडनं तिथं हात पोचत नाय. बाहेरचा कोनी नाय. आपल्यातलाच हाय."

 मला ठाण्याचं ते दार आठवलं. सपाट पत्रा, आणि आतल्या बाजूला खाली ओढलेली मूठ. मी एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागले. सुमनकाकीचा नवरा, देवळाचा गुरव, मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारे शेजारचे आप्पा. ज्यांच्या घरी मी वाटीने साखर मागायला जायचे, ती ही माणसं. त्या दिवसापर्यंत मला भीती खाडीची होती.

बाबांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी घरी येऊन ओटीच्या खांबाला खिळा मारला आणि पाचर तिथे टांगली, येणाराजाणाराला दिसेल अशी. "ज्याची हाय त्यानं न्यावी. मी एक शब्द बोलणार नाय." आई म्हणाली, "काढा ती तिथनं. मानसं ओटीवर यायची बंद होतील." आईचं खरं ठरलं. पाचर न्यायला कुणी आलं नाही, आणि हळूहळू गप्पा मारायलाही कुणी येईना. आले तरी खांबाकडे पाठ करून बसायचे. पुढच्या उधाणांना लोक एकमेकांवर नजर ठेवायला लागले. पूर्वी कुठे बांधाला जरा फट पडली तर एका हाकेवर अख्खं गाव टोपल्या घेऊन धावायचं. आता हाक मारणाराच आधी विचार करायचा, की ऐकणारा कोण असेल.

मग, मी लग्न होऊन रोह्यात आल्यावर, पलीकडच्या अंगाला बांध फुटला. मोठी खांड गेली, म्हणजे बांधाचा तुकडाच्या तुकडा वाहून गेला. तरणी पोरं पेणला, कंपन्यांत, शिफ्टवर. उरलेल्यांचे हात कमी पडले. अर्ज झाले, पाहणी झाली, तोवर अवस, पुनव, अवस, पुनव पाणी येतच राहिलं. आज आमच्या खाचरात भाताऐवजी खारफुटीची झाडं आहेत आणि त्यांच्या मुळांत खेकडे. लांबून माल भरलेले बार्ज धक्क्याकडे जातात, खाडी दिसत नाही, त्यामुळे ते शेतातूनच चालल्यासारखे वाटतात. मला ते दृश्य कधीच सोसलेलं नाही.

आणि बाबा उघाडी राखत होते. पाणी जणू मागल्या दाराने खुशाल घरात येत होतं, आणि हे पुढच्या दाराची कडी तपासत होते. मी रागावले, रडले, नातीची शपथ घातली. दर उधाणाला पाणी आमच्या अंगणाच्या जरा अजून जवळ येत होतं. मला माहीत होतं, एके दिवशी बांधाचा हाही तुकडा जाईल, आणि त्यावर माझा बाप बसलेला असेल. मला शेत नको होतं, घर नको होतं. मला तो एक म्हातारा जिवंत हवा होता.

यंदाच्या अवसेला सकाळपासून बाबांचा फोन नुसता वाजत होता, ते उचलत नव्हते. दिवे घासायला काढले होते, ते तसेच टाकले आणि मी निघाले. पेणहून पुढे विक्रम रिक्षावाल्याने मला फाट्यावर सोडलं. "पुढं नाय जायाचा, ताई. पानी चढतंय." मी चालत गेले. आळीत एकेका दाराला कुलूप. सुमनकाकीच्या ओटीवर तिच्या चपला होत्या, जुन्या, नीट जोडीने लावलेल्या. 

आमचं दार उघडं होतं. "बाबा," मी हाक मारली. घरात माझाच आवाज फिरून आला. चुलीपाशी कप, त्यात अर्धा चहा, वर साय धरलेली. खाटेवर फोन, त्यावर माझेच सगळे कॉल. गोधडीची घडी घातलेली. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले आणि दर उंबऱ्यावर डोळ्यांपुढे काळं यायचं, मग पुढची खोली दिसायची. न्हाणीत बादली भरलेली. परसात कुणी नाही. मी ओटीवर परत आले तेव्हा दिसलं की खांबाचा खिळा रिकामा आहे. पाचर नव्हती.

मी बांधावरून धावले. या वयात, चिखलात, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. उजवीकडे खाडी बांधाच्या ओठापर्यंत आली होती, तपकिरी, आवाज न करणारी. कुठूनतरी बार्जचा भोंगा आला. मला बाबा दिसत नव्हते, आणि मग दिसले. उघाडीच्या माथ्यावर उकिडवे बसले होते. त्यांच्या पायांखालून पाणी आत येत होतं, जाड, एकसारखं, घाई नसलेलं. दार सताड उघडं होतं. फळीत, आतल्या अंगाला, ती पाचर होती. शेजारी हातोडा.

"बाबा! कोणी केलं हे?"

"मी."

 मी ओरडले, काय काय ओरडले ते आठवत नाही. बाबांनी ओरडू दिलं.

"चाळीस वर्सं मी इथं बसलो," ते म्हणाले. "आत काय हाय आता राखायला? सुमनपण गेली. बंद दार सोडून जाता येत नाय गो. बंद दाराला मानूस लागतो. उघड्या दाराला कोन राखतो?"

"मग आता?"

"आता येतो मी तुझ्याबरोबर. पानी जरा आत जाऊ दे. पिल्लं येतायत बघ."

खरंच येत होती. पाण्यात बारीक रुपेरी काहीतरी चमकत आत जात होतं. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो आणि आमच्या शेतात खाडी शिरताना बघत राहिलो. बाबांचा चेहरा साधाच होता. उठताना त्यांनी हातोडा उचलला, पाचर तिथेच राहू दिली. घरी येऊन उरलेला चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला, कप विसळून पालथा घातला, आणि दार न लावताच निघाले. मी कुलूप शोधायला लागले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

आता ते रोह्यात असतात. भरतीच्या वेळेला, ती इथे कुठे दिसत नसली तरी, खुर्चीतून उठतात, आमच्या ब्लॉकच्या दाराची कडी हाताने चाचपतात आणि पुन्हा येऊन बसतात. मुलगी हसते. मी तिला हसू देते, पण स्वतः त्या वेळी स्वयंपाकघरात जाते.

काल मंजूचा पुन्हा मेसेज आला. "बघितलास का शेवट? कळलं का, दार कोणी उघडलं आणि का?" लिंक तशीच न उघडलेली होती. पलीकडे बाबा कडी चाचपत होते. मी लिहिलं, "कळलं."